हलकी झालेली गाडी

“उचल! ऑटिस, जोर लाव ना!”

“लावलाय! आणखी लावला तर माझी पँट फाटेल!”

“फाटू दे! बॅगेत दुसरी आहे!”

नॅडीन आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ ऑटिस, दोघं घामाने निथळत होते. लॉर्ना आजीच्या शेडमध्ये, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांच्या आणि फाटक्या ताडपत्रीच्या मागे ती सापडली होती. लाल रंगाची, चार बुटकी चाकं असलेली, एवढीशी गो-कार्ट! पुढची बाजू लगेच हलली. मागची मात्र जमिनीत रुजल्यासारखी घट्ट बसली होती.

“बाजूला व्हा, शहरातली लोकं!” शेजारच्या शेतातला रूबेन बाह्या सरसावत आत आला. बारा वर्षांचा होता, पण ऐट चाळिशीतल्या शेतकऱ्याची. “रोज वासरं उचलतो मी. ही काय चीज आहे!”

तिघांनी मिळून मागची बाजू उचलली. चार पावलं चालले, आणि ती सटकली.

“आईऽऽ गं! अंगठा! माझा अंगठा!”

“वासरं बरी रे,” ऑटिस गंभीरपणे म्हणाला. “निदान अंगठ्यावर पडत नाहीत.”

रूबेनचा अंगठा संध्याकाळपर्यंत जांभळा झाला. त्यावर भलंमोठं बँडेज बसलं, आणि त्या बँडेजमुळेच पुढचं सगळं घडलं.

लॉर्ना आजी म्हणजे नॅडीनच्या बाबांची आत्या. इंडियानातल्या त्या छोट्याशा गावात तिचं घर होतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ही दोघं तिच्याकडे राहायची. आजी त्या सोमवारी सकाळीच मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी फोर्ट वेन शहरात गेली होती, ती शनिवारी परतणार होती. जाताना गाडीच्या खिडकीतून ओरडून सांगून गेली होती :

“बरण्यांच्या मागे माझी लाल कार्ट आहे! एकोणीसशे साठ सालची! तेरा वर्षांची होते मी, शर्यतीत पळवायचे तिला! कुठल्या कारखान्याची ते कुणाला आठवतंय आता! तुम्ही शोधून काढा, तिचे किती येतील ते बघा. ती विकून मला तीन चाकांची बॅटरीवाली गाडी घ्यायची आहे. या डगने माझ्या मोटारीच्या किल्ल्या काढून घेतल्यात ना!”

“आई, तू पोस्टाची पेटी उडवलीस!” गाडी चालवणारा डग काका म्हणाला. तो आजीचा मुलगा.

“पेटी रस्त्यात होती! आणि नॅडीन, ऐक. मी येईपर्यंत ती तुझ्या ताब्यात. तू मोठी आहेस.”

ते शेवटचं वाक्य नॅडीनला फार आवडलं होतं. शुक्रवारपर्यंत तेच तिच्या पोटात दगडासारखं बसणार होतं.

सोमवारी दुपारी त्यांनी कार्टचे फोटो काढले. सीट, इंजिन, चाकं, सगळ्याचे. नाव कुठेच नव्हतं. सीटमागे पत्र्याची पट्टी असावी, पण आता तिथे नुसती दोन भोकं होती. सांगाड्यावर कोठाराला लावतात तसल्या लाल रंगाचे थरच्या थर होते. इंटरनेटवर जुन्या कार्टवेड्यांचा एक गट होता. नॅडीनने तिथे फोटो टाकले आणि लिहिलं : ‘ही कोणती गाडी आहे? कुणी ओळखेल का?’ खाली गावाचं नावही लिहिलं.

उत्तर इंटरनेटवरून यायच्या आधी दारातच आलं! मंगळवारी सकाळी एक पांढरा पिकअप अंगणात थांबला. उतरलेला माणूस हसतमुख होता, खिशाला चार पेनं, डोक्यावर स्वच्छ टोपी.

“क्लाइड प्रुइट. जुन्या गाड्यांचा जाणकार. फोटो पाहिले आणि म्हटलं, वाटेवरच आहे, बघून जावं!”

कार्टभोवती तो दोनदा फिरला. खाली वाकून त्याने मागच्या आडव्या नळीवरून बोटं फिरवली, आणि क्षणभर थांबला. नॅडीनला ते थांबणं दिसलं होतं. नंतर ते तिला फार वेळा आठवलं.

“साधीच दिसतेय. पण खात्रीने सांगायचं तर सांगाड्यावरचा नंबर बघायला हवा आणि तो या रंगाखाली असेल. माझ्या वर्कशॉपमध्ये नेतो, एवढ्यापुरता रंग काढतो, गुरुवारी परत. फुकट! जुन्या गाड्यांसाठी एवढं तर करायलाच हवं.”

“आजीला विचारायला हवं,” ऑटिस पुटपुटला.

“आजीचं आज ऑपरेशन आहे,” नॅडीन म्हणाली. “आणि ती माझ्या ताब्यात आहे.”

डग काका फोनवर ट्रॅक्टरच्या कुठल्याशा सुट्या भागावरून कुणाशी तरी भांडत होता. त्याने लांबूनच हात हलवला. न्या, न्या!

प्रुइटने पावती दिली. ‘एक जुनी गो-कार्ट मिळाली.’ खाली सही. पिकअपला मागे विजेवर वर-खाली होणारी फळी होती. तिने कार्ट अलगद वर उचलली, कुणाला हातही लावावा लागला नाही.

गुरुवारी तो खरंच परत आला!

“वाईट वाटतं सांगायला,” कार्ट अंगणात उतरवून तो म्हणाला. “नंबरच नाही. त्या काळी टपालाने सुटे भाग यायचे, घरी जोडायचे, त्यातली आहे. असल्या हजारो निघाल्या. भंगारवाला काय देईल तेवढंच.”

“बघा!” डग काका म्हणाला. “मी म्हटलं नव्हतं? शनिवारी भंगाराचा ट्रक बोलावलाय, त्यातच जाऊ दे. आईला मी सांगतो.”

प्रुइट टोपी सारखी करून निघून गेला. नॅडीनचा चेहरा उतरला. आजीची तीन चाकांची गाडी डोळ्यांसमोरून निघून गेली.

“चल, आत ठेवू या,” ती ऑटिसला म्हणाली.

“रूबेनला बोलावू?”

“त्याचा अंगठा बघ. आपणच करू.”

दोघांनी मागची बाजू धरली, उचलली, शेडपर्यंत नेली आणि खाली ठेवली. मग दोघंही तसेच उभे राहिले.

“ताई,” ऑटिस म्हणाला, “मी तीन दिवसांत ताकदवान झालो का गं?”

नॅडीनने पुन्हा मागची बाजू धरली. या वेळी एकटीने. ती उचलली गेली!

“रूबेन!” ती किंचाळली. “रूबेऽऽन!”

कुंपणावर बसून मक्याचं कणीस कुरतडणारा रूबेन धावत आला. त्याने डाव्या हाताने कार्ट उचलून पाहिली, मग आपल्या बँडेजकडे पाहिलं.

“ही ती नाही,” तो म्हणाला. “माझ्या अंगठ्याला विचार.”

“पण सीट तीच आहे! इंजिन तेच! ही बघ फाटलेली कड!”

“मग बदललं काय?” ऑटिसने विचारलं.

तिघंही जमिनीवर पालथे झाले. सीट तीच, चाकं तीच, इंजिनही तेच. त्यांच्या मध्ये होता तो सांगाडा. लाल होता, गंजलेलाही होता. पण रंगाचा एकच थर!

“सांगाडाच बदलला!” नॅडीन उठून बसली. “सगळं काढून दुसऱ्या सांगाड्यावर चढवलं. आणि मी... मी स्वतः दिली त्याला!”

डग काकाने ऐकून घेतलं, पण विश्वास बसला नाही, हे त्याचा चेहराच सांगत होता. त्याने नॅडीनचे सोमवारचे फोटो पाहिले, मग कार्टकडे पाहिलं.

“तीच तर आहे. सीट बघ, इंजिन बघ.”

“पण काका, वजन!”

“सोमवारी किती वजन होतं? केलंत?”

“नाही. पण आमच्या हातांना आठवतंय!”

“हातांना आठवतंय!” काका वैतागला. “एक माणूस स्वतःचं पेट्रोल जाळून दोनदा येतो, एक पैसा घेत नाही, आणि तुम्ही हातांच्या आठवणीवर त्याला चोर ठरवता? परत हा शब्द काढलात तर त्याच्या दारात नेऊन माफी मागायला लावीन. कार्ट म्हणजे कार्ट!”

त्या रात्री नॅडीन जेवली नाही. आपली चूक असेल तर? एका भल्या माणसावर आळ घ्यायचा? आणि चूक नसेल तर? मग आजीची गाडी गेली, तीही आपल्या हाताने! दोन्हीकडून तिचीच मान खाली जाणार होती.

शुक्रवारी सकाळी त्या कार्टवेड्यांच्या गटावर उत्तर आलं. कुणा ओडेट ब्रॅनिगनबाईंनी लिहिलं होतं : ‘मुलांनो, मागच्या आडव्या नळीचे फोटो हवेत. या बनावटीच्या पहिल्या वर्षीच्या सांगाड्यांना तिथे तीन आकडी नंबर ठोकलेला असे. तसा असेल तर गाडी फार मोलाची आहे. आमचा वार्षिक मेळा उद्या तुमच्या जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावर आहे. घेऊन या, मी बघते.’

“उद्या!” रूबेन म्हणाला. “मेळ्याची यादी आहे बघ खाली. कोण काय विकणार ते. खाली जा... आणखी खाली... थांब!”

चौदा नंबरच्या टेबलासमोर लिहिलं होतं : ‘सी. प्रुइट. पहिल्या वर्षीचा मूळ सांगाडा, दुर्मीळ, नंबरसह.’

ऑटिस ताडकन उठला.

“पोलिसांना सांगू या!”

“काय सांगणार? वासरं उचलणाऱ्या मुलाचा अंगठा दुखतोय म्हणून?” नॅडीन म्हणाली.

“आजीला फोन कर,” रूबेन म्हणाला.

“नको! डॉक्टरांनी सांगितलंय, तिला ताण नको. रडायचं नाही, खोकायचं नाही, वाकायचं नाही...”

“मग रडवू नकोस. नुसतं विचार.”

नॅडीनने नंबर फिरवला. स्पीकर लावून तिने फोन दोन्ही हातांनी धरला.

“आजी? कशी आहेस?”

“उत्तम! समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे म्हणे, ते आज पहिल्यांदा दिसलं! काय गं, सापडली का माझी लाल कार्ट?”

“सापडली. आजी... ती एवढी जड का गं होती?”

पलीकडे आजी खो खो हसली. नॅडीनला डॉक्टर आठवले आणि आणखीच धडकी भरली.

“अगं, मी अशी काडी होते! त्र्याऐंशी पौंड! शर्यतीआधी कार्ट आणि चालवणारा, दोघांचं मिळून वजन करायचे. ठरल्यापेक्षा कमी भरलं की बाहेर! मी दर वेळी बाहेर! शेवटी बाबांनी परसात चूल पेटवली, शिसं वितळवलं आणि सीटखालच्या नळ्यांमध्ये ओतलं. नळीचं तोंड बंद करायला काही मिळेना, म्हणून माझ्या आईच्या बागेतल्या कुदळीचा दांडा कापला आणि त्याची खुंटी ठोकली. आई चार दिवस बोलत नव्हती!”

“हे आणखी कुणाला माहीत आहे, आजी?”

“कुणाला? बाबा गेले, आई गेली. मला माहीत आणि आता तुला. नॅडीन, तुझा आवाज असा का येतोय? काही झालंय का?”

नॅडीनच्या ओठांवर सगळं आलं होतं.

“नाही, आजी. धूळ गेलीय घशात.”

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग आला. पण रूबेन तिच्याकडे डोळे विस्फारून पाहत होता.

“कळतंय का तुला? प्रुइटला हे माहीत नाही! सांगाड्याच्या आत काय आहे ते त्यालाच माहीत नाही!”

“पण तो म्हणेल, नळी उघडलेली बघून आपण हे रचलं,” ऑटिस म्हणाला.

“म्हणून आपण आधी सांगायचं,” नॅडीन हळूहळू म्हणाली. “कुणी सांगाड्याला हात लावायच्या आधी. लिहून. पाकिटात बंद करून.”

शनिवारी सकाळी काका भंगाराच्या ट्रकची वाट पाहत कॉफी पीत होता. तीन सायकली मागच्या दाराने बाहेर पडल्या. मैदान नऊ मैलांवर होतं. दोन्ही बाजूंना डोक्याइतका उंच मका, वरून ऊन, आणि रूबेन एका हाताने सायकल चालवतोय.

“ऑटिस, मागे पडू नकोस!”

“मी मागे पडत नाहीये! रस्ताच पुढे पळतोय!”

मैदानावर शेकडो माणसं होती. जुन्या कार्ट, इंजिनांची टेबलं, तळलेल्या पोर्कच्या सँडविचचा वास. ऑटिसचे पाय तिथेच थबकले, पण नॅडीनने त्याची कॉलर धरली.

चौदा नंबरच्या टेबलावर सांगाडा होता. नुसता, उघडा, रंग पार खरवडलेला. मागच्या नळीवर आकडे चमकत होते : २१४. शेजारी फलक : ‘ओहायोतल्या एका कोठारात मिळाला. पहिला मालक सहा फुटी शेतकरी, स्वतः शर्यतीत उतरायचा. ६५०० डॉलर.’

आणि टेबलासमोर एक उंच, पिकल्या दाढीचा माणूस उभा होता. त्याच्या हातात चेकबुक होतं!

“संपलं,” ऑटिस कुजबुजला.

“ब्रॅनिगनबाई कुठे आहेत? पळा!”

ब्रॅनिगनबाई तंबूत सापडल्या. ठेंगण्या, गळ्यात दुर्बिणीसारखं भिंग अडकवलेल्या, समोर नोंदींची जाडजूड वही. नॅडीनने एका श्वासात सगळं सांगितलं. फोटो दाखवले, पावती दाखवली. बाईंनी चेहऱ्यावर काहीच दिसू दिलं नाही.

“मुली, तू फार मोठा आरोप करते आहेस. चुकीचा निघाला तर?”

नॅडीनला पळून जावंसं वाटलं. तिने खिशातून पाकीट काढलं.

“त्या सांगाड्याच्या आत काय आहे ते यात लिहिलंय. तुम्ही तुमच्या हातात ठेवा. आत्ता उघडू नका. आधी त्यांना विचारा.”

बाईंनी पाकिटाकडे पाहिलं, मग नॅडीनकडे. आणि उठल्या.

“सोरेन्सन, थांबा जरा!” टेबलाजवळ येत त्यांनी दाढीवाल्याला हाक मारली. “चेक लिहायच्या आधी नोंद करू या. प्रुइट, वजन करून घेऊ?”

प्रुइटचं लक्ष मुलांकडे गेलं. हसू जागच्या जागी राहिलं, पण टोपीखालचं कपाळ चमकू लागलं.

“वजन कशाला, बाई? नंबर आहे की समोर!”

“अकरा सांगाडे तोललेत मी. सगळे तीस-एकतीस पौंड. हा बारावा.”

सोरेन्सन आणि आणखी एकाने सांगाडा वजनकाट्यावर ठेवला. काटा फिरला आणि थांबला. एकावन्न!

“वीस पौंड जास्त?” सोरेन्सनने भुवया उंचावल्या. “हे कसं काय?”

“माती!” प्रुइट पटकन म्हणाला. “नळ्यांत माती भरली असणार, गंज असणार. साठ वर्षं ओहायोच्या कोठारात होता! पहिल्या मालकाकडून स्वतः घेतलाय मी. आत दुसरं काय असणार?”

“नक्की? माती?”

“नक्की!”

“तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत,” ब्रॅनिगनबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाकीट फाडलं.

इतक्यात गर्दीतून एक ओळखीचा आवाज गरजला. “नॅडीन! ऑटिस! काय चाललंय हे?” डग काका! रूबेनच्या आईने तोंड उघडलं असणार. काकाचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. “मिस्टर प्रुइट, मी यांच्या वतीने माफी...”

“गप्प बसा जरा, साहेब!” ब्रॅनिगनबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, आणि काका खरंच गप्प बसला. बाई मोठ्याने वाचू लागल्या :

“‘सीटखालच्या नळ्यांमध्ये शिसं ओतलेलं आहे. ही गाडी चालवणाऱ्या मुलीचं वजन त्र्याऐंशी पौंड होतं, शर्यतीसाठी ते कमी पडायचं. नळ्यांची तोंडं कुदळीच्या दांड्याच्या लाकडी खुंट्यांनी बंद केलेली आहेत.’”

गर्दी टेबलाभोवती दाटली. नॅडीनला वाटलं, आता खरंच माती निघाली तर? आजीला नीट आठवत नसेल तर? तिने ऑटिसचा हात इतका घट्ट धरला की तो कळवळला.

सोरेन्सनने खिशातून चाकू काढला. नळीच्या टोकाला पुट्टीसारखं काहीतरी होतं, ते खरवडलं. खाली लाकूड दिसलं. त्याने टोक खुपसून पिळलं, ओढलं. काळपट, चिवट खुंटी हळूहळू बाहेर आली. भिंगातून बघत बाईंनी आत चाकूचं पातं घातलं आणि ओरखडा काढला. आत करडं, मऊ, चकचकीत शिसं!

“शिसं,” त्या म्हणाल्या. “प्रुइट, तुमच्या सहा फुटी शेतकऱ्याला वजन कमी पडत होतं का हो?”

“वर्कशॉपमध्ये... अदलाबदल झाली असेल,” प्रुइट अडखळला. “दोन लाल सांगाडे होते, माणसाची चूक होते...”

“चूक?” डग काकाचा आवाज आता वेगळाच होता. “आणि ओहायोची गोष्ट? तीही चुकून लिहिली?”

प्रुइटने पिकअपच्या दिशेने दोन पावलं टाकली, पण तिकडे रूबेन उभा होता. आपला बँडेजवाला अंगठा त्याने वर केला.

“हा बघा माझा साक्षीदार, साहेब!”

लोक हसले, पण वाट मात्र कुणी दिली नाही. दहा मिनिटांत मेळ्याच्या बंदोबस्तावरचा पोलीस आला. पावती आणि बाईंची नोंद त्याने ताब्यात घेतली, आणि प्रुइटला आपल्या गाडीकडे नेलं. जबाब लिहून झाल्यावर सांगाडा मालकिणीचा म्हणून वहीत चढला : लॉर्ना वाइस.

काकाने टोपी काढून हातात घेतली.

“पोरांनो,” तो म्हणाला, “मी तुमचं ऐकलंच नाही. समोर असून बघितलं नाही. ट्रक वेळेवर आला असता तर मीच... रूबेन, तू सुद्धा. शाबास! हातांची आठवण माझ्या डोळ्यांपेक्षा बरी निघाली.”

“काका, आता सँडविच?” ऑटिसने विचारलं.

“दोन खा!”

दुपारी काका फोर्ट वेनहून आजीला थेट मैदानावरच घेऊन आला. एका डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी, अंगात फुलाफुलांचा झगा. वाटेत काकाने तिला काही सांगितलं नव्हतं. नॅडीनने तसं बजावलं होतं, “मी सांगणार.”

ती आजीसमोर उभी राहिली.

“आजी, तू ती माझ्या ताब्यात दिली होतीस. मी तुला न विचारता त्या माणसाला दिली. काल फोनवरही खोटं बोलले. धूळ नव्हती घशात. मला भीती वाटत होती.”

आजीने झाकणी नसलेल्या डोळ्याने तिच्याकडे निरखून पाहिलं.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “धूळ गेली की माणूस खोकतो. तू खोकली नाहीस. मी रात्रभर विचार करत होते, पोरीने काय केलं असेल?” तिने नॅडीनचा हात हातात घेतला. “दिलीस ते चुकलं. लपवलंस तेही चुकलं. पण बाकीचं जे केलंस, ते मला तेराव्या वर्षी जमलं नसतं. नंतरही नसतं जमलं. रडायचं नाही हं! डॉक्टरांनी मला मनाई केलीय, मग मलाही रडू येईल.”

सोरेन्सन जवळ आला होता. तो अशाच गाड्या दुरुस्त करून जुन्यांच्या शर्यतीत पळवायचा.

“बाई, चेकबुक अजून माझ्या हातात आहे. आता भाव मात्र तुम्ही सांगायचा.”

“मी नाही,” आजी म्हणाली. “नॅडीन सांगेल.”

“मी?” नॅडीन दचकली. “आजी, नको! पुन्हा काही चुकलं तर?”

“तर चुकेल. मी इथेच आहे.”

नॅडीनने ब्रॅनिगनबाईंकडे पाहिलं. बाई मुद्दाम वहीत डोकं घालून बसल्या होत्या. तिने सांगाड्याकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं.

“साडेसहा हजार त्यांनी लावले होते, खोट्या गोष्टीसकट,” ती म्हणाली. “आमची गोष्ट खरी आहे आणि चालवणारी समोर उभी आहे. सीट, चाकं, इंजिन सगळं घरी आहे, तेही मूळ. सात हजार. आणि एक अट. शिसं काढायचं नाही.”

“आणि मी पाच पौंड जाड झालो तरी?” सोरेन्सनने दाढी खाजवली.

“तरी!” तिघंही एकदम ओरडली.

सोरेन्सन हसत सुटला. त्याने आधी नॅडीनशी हात मिळवला, मग आजीशी.

काकाने घरी जाऊन उरलेले भाग आणले. संध्याकाळपर्यंत सोरेन्सनने तिथल्या तिथे पाने चालवून सगळं मूळ सांगाड्यावर बसवलं. चौघांनी मिळून कार्ट त्याच्या ट्रेलरवर चढवली. ती परत जड झाली होती, आणि रूबेनला त्याचा केवढा आनंद झाला!

आजी ट्रेलरपाशी गेली. वाकायची मनाई होती, म्हणून तिने नुसता हात लांबवून स्टिअरिंगवर ठेवला. बराच वेळ.

“सोरेन्सन, एक सांगते,” ती म्हणाली. “ही वळणावर डावीकडे ओढते. तिच्याशी भांडू नका. ओढू द्या थोडं, मग आपणच सरळ येते.”

“लक्षात ठेवीन, बाई.”

ट्रेलर मक्याच्या शेतांमधून लांब गेला. आजीने एका डोळ्याने तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला, आणि मग नॅडीनच्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, “चला. भूक लागलीय. ऑटिसने माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलंय का?”